चांगला प्रश्न कुठे सापडतो, आणि तो खरा कशावरून?

विचारणाऱ्याची अडचण थोडक्यात अशी: गटासाठी प्रश्नमंजुषा घ्यायची आहे; विषय इतिहास, पुराणकथा, साहित्य, हेरगिरी आणि कला. इंटरनेटवर प्रश्नांच्या याद्या खंडीभर मिळतात, पण त्यांतले निम्मे सगळ्यांना पाठ असतात आणि उरलेल्यांतले खरे किती ते कळत नाही. तर मुरलेले प्रश्नकर्ते प्रश्न शोधतात कुठे आणि तपासतात कसे?

मी दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो. तपासायचं कसं हे अंगवळणी पडलं की शोधायचं कुठे हे वेगळं शिकावं लागत नाही.

तपासणीचा माझा नियम कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात हेरखात्याची मांडणी करताना तो म्हणतो, 'त्रयाणामेकवाक्ये सम्प्रत्ययः'. तिघांची बातमी जुळली की विश्वास ठेवावा. एवढं पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच प्रकरणात त्याने आणखी एक अट घातली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही: या हेरांना एकमेकांचा पत्ता लागता कामा नये. सगळी मेख त्या अटीत आहे. एकच गोष्ट तीन संकेतस्थळांवर दिसली म्हणून ती तीनदा शाबीत होत नाही. बहुतेक वेळा तिघांनीही ती चौथ्याच कुठल्या तरी पुस्तकातून उतरवलेली असते. साक्षीदार एकच, टोप्या तीन. (जो हेर वारंवार चुकीची बातमी आणतो त्याला कौटिल्य 'तूष्णींदण्ड' सांगतो, म्हणजे गुपचूप काटा काढणे. आपल्याला तितकं पुढे जायला नको. ते संकेतस्थळ पुन्हा उघडू नये, बस्स.)

हे किती लांबवर जाऊ शकतं ते आपल्याच धंद्यातल्या एका खटल्यावरून बघा. १९७४ साली फ्रेड वर्थ या अमेरिकन लेखकाने किरकोळ माहितीचा एक कोश काढला. कोणी पुस्तक ढापलं तर पकडता यावं म्हणून त्याने एक खोटी नोंद मुद्दाम पेरली: टीव्हीवरच्या कोलंबो या पोलीस डिटेक्टिव्हचं पहिलं नाव फिलिप. पुढे 'ट्रिव्हियल पर्सूट' हा खेळ गाजला आणि त्याच्या एका पत्त्यावर हाच प्रश्न, हेच उत्तर! वर्थने १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळाच्या कर्त्यांनी शांतपणे सांगितलं की हो, तुमचं पुस्तक वापरलं, तशी बाकीचीही वापरली. सुट्या माहितीवर कोणाची मालकी नसते म्हणून दावा फेटाळला गेला. ज्या माहितीवर कोणाचीच मालकी नाही असं न्यायालयात ठरलं, ती मुळात माहितीच नव्हती, हे मला आजही फार आवडतं.

वर्थ काही एकटा नव्हे. १९७५ च्या 'न्यू कोलंबिया एनसायक्लोपीडिया'त लिलियन व्हर्जिनिया माउंटवीझल या छायाचित्रकार बाईंची नोंद आहे. खेड्यापाड्यांतल्या टपालपेट्यांचे फोटो काढून त्यांनी नाव कमावलं, आणि 'कंबस्टिबल्स' मासिकाच्या कामगिरीवर असताना स्फोटात त्यांचा अंत झाला. बाई कधी जन्मल्याच नव्हत्या. ज्वालाग्राही पदार्थांचं मासिक आणि स्फोटात मृत्यू, एवढ्यावरून तरी वाचणाऱ्याला शंका यावी अशी संपादकांची अपेक्षा असावी. गुप्तचर यंत्रणा हीच युक्ती घरभेदी शोधायला वापरतात: एकाच कागदाच्या किंचित वेगवेगळ्या प्रती संशयितांना द्यायच्या आणि शत्रूकडे कोणती पोचते ते बघत बसायचं.

कलेच्या जगात या प्रकारापायी लोकांनी खरे पैसे घालवले. हान फान मेगेरेन या डच चित्रकाराने 'इमाउस येथील भोजन' नावाचं एक चित्र रंगवलं आणि सतराव्या शतकातल्या फेर्मेरच्या नावाने बाजारात आणलं. १९३७ साली डच चित्रांचा त्या काळचा सर्वांत वजनदार जाणकार आब्राहाम ब्रेडियस याने ते फेर्मेरचंच, किंबहुना त्याचं सर्वोत्तम चित्र असल्याचा निर्वाळा दिला. रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात ते दिमाखात लागलं. त्यानंतर फान मेगेरेनने आणखी 'फेर्मेर' काढले, तेव्हा तज्ज्ञ ते कशाशी ताडून बघत होते? इमाउसच्या चित्राशी. खोट्याला खोट्याचीच साक्ष, आणि सगळ्यांच्या मागे एकटा ब्रेडियस. यांतलं एक चित्र नाझी नेता हेर्मान गोरिंगकडे गेलं. युद्ध संपल्यावर राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकल्याबद्दल फान मेगेरेनला अटक झाली, आणि सुटायला एकच वाट उरली: हे चित्र माझंच आहे, असं कबूल करणं. कोणाचा विश्वास बसेना, म्हणून १९४५ मध्ये त्याने पहाऱ्यात, साक्षीदारांसमोर आणखी एक 'फेर्मेर' रंगवून दाखवला. रंग शतकानुशतकं वाळल्यासारखा टणक व्हावा म्हणून त्याने बेकलाइटच्या (एका जुन्या प्लास्टिकच्या) जातीचं रसायन मिसळून चित्रं भाजली होती. तपासणीत तेही निघालं. १९४७ साली त्याला एका वर्षाची शिक्षा झाली आणि ती भोगण्याआधीच तो वारला. यावर प्रश्न काढायचा तर चित्रकाराचं नाव विचारू नका. 'आपण लबाड आहोत हे सिद्ध करण्यासाठी एका आरोपीने न्यायालयाच्या कामी चित्र काढलं. त्याच्यावर मूळ आरोप कोणता होता?' असं विचारा. नाव ठाऊक नसलेला संघही विचार करून उत्तराजवळ येतो.

पुराणकथांत 'खरं काय' या प्रश्नाऐवजी 'कोणाच्या मते' हा प्रश्न विचारायचा असतो. प्रश्नात ग्रंथाचं नाव नसेल तर तो प्रश्न भांडणाचं आवतण आहे. ट्रॉयचा लाकडी घोडा 'इलियड'मध्ये घडत नाही. ते महाकाव्य हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं. घोड्याची सविस्तर हकिगत रोमन कवी व्हर्जिलच्या 'ईनिड'मध्ये येते. अकिलीसची दुबळी टाचही होमरकडे नाही. आपल्याकडची लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही. तुलसीदासांच्या मानसातसुद्धा सीताहरणाच्या वेळी ती येत नाही, पण लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारते की रामाच्या धाकट्या भावाने ओढलेली एवढीशी रेघ तुम्हाला ओलांडता आली नाही, आणि पराक्रमाच्या गोष्टी सांगता! आता 'मानसात लक्ष्मणरेषेचा उल्लेख कोण करतं?' हा प्रश्न बघा. मूळ माहिती सगळ्यांच्या तोंडची, उत्तर मात्र कोणाच्या तोंडी नाही.

द्रौपदीच्या हसण्याचा मासला याहून बारकाईने बघण्यासारखा आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो आणि द्रौपदी म्हणते, 'आंधळ्याचा मुलगा आंधळाच', हे बहुतेकांच्या मनात पक्कं बसलेलं आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, उघडा. सभापर्वात प्रसंग घडतो तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि नोकरचाकर. द्रौपदीचं तिथे नावही नाही. पुढे हस्तिनापुरात बापाजवळ गाऱ्हाणं घालताना दुर्योधन सांगतो की कृष्ण हसला, आणि द्रौपदीसुद्धा बायकांसह हसली, माझ्या जिवाला लागलं. आंधळ्याबद्दलचं वाक्य त्याच्या गाऱ्हाण्यातही नाही. म्हणजे हसणारी द्रौपदी आपल्याला भेटते ती फक्त अपमान झालेल्या माणसाच्या तोंडून. कौटिल्याने ही बातमी एका हेराची म्हणून बाजूला ठेवली असती. यावर मी 'चूक की बरोबर' छापाचा प्रश्न काढणार नाही. 'सभापर्वाच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदी हसल्याचं कोण सांगतं?' एवढंच विचारेन. याच आवृत्तीने व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथाही मूळ पाठातून काढून परिशिष्टात ठेवली आहे. तो प्रश्न विचाराल तेव्हा 'चिकित्सक आवृत्तीत' हा शब्द सावकाश उच्चारा. सभागृहात कोणीतरी उठून उभं राहतंच.

इतिहासातले घासून गुळगुळीत झालेले प्रश्न फेकून द्यायची गरज नसते, ते उलटे करावेत. 'ब्रेड नसेल तर केक खा' हे फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत म्हणाली नव्हती हेसुद्धा आता सगळ्यांना माहीत झालंय. पण फ्रेंच विचारवंत रूसोच्या आत्मकथनात हे वाक्य एका अनाम राजकन्येच्या नावावर येतं आणि तिथला प्रसंग १७४० च्या सुमाराचा आहे, तर मारी आंत्वानेतचा जन्म १७५५ चा. तारखाच देऊन 'या वाक्याच्या आरोपातून कोण सुटतं?' असं विचारलं की जुन्या प्रश्नात पुन्हा धुगधुगी येते.

आता हेरगिरी. हा विषय तपासायला सगळ्यांत अवघड, कारण इथले साक्षीदार पेशानेच खोटं बोलणारे. आत्मचरित्रांवर विसंबू नये, खुल्या झालेल्या दप्तरांवर विसंबावं. आणि इथे उत्तराला तारीख असते. जुन्या पुस्तकांत पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणून अमेरिकेच्या एनियाकचं नाव बिनदिक्कत दिलेलं दिसेल. ब्रिटनच्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मन संदेश फोडायला बसवलेलं कलॉसस हे यंत्र १९४४ पासून चालू होतं, पण तिथलं काम १९७० च्या दशकापर्यंत गुपित राहिलं. पुस्तकं लिहिणाऱ्यांचा दोष नाही. त्यांना जे ठाऊक होऊ दिलं तेच त्यांनी लिहिलं. म्हणून 'पहिला', 'एकमेव', 'सर्वांत मोठा' या शब्दांपासून मी चार हात लांब राहतो. 'पहिला' म्हणायचंच असेल तर कशा प्रकारचा पहिला ते प्रश्नात लिहायला हवं, आणि ते लिहिलं की प्रश्न बहुधा कंटाळवाणा होतो. मग सोडूनच द्यावा.

माता हारीला एकदा सुट्टी द्या, अशी माझी विनंती आहे. हेरगिरी म्हटलं की ती येतेच. त्यापेक्षा हुआन पुजोल गार्सिया घ्या, ज्याचं ब्रिटिश सांकेतिक नाव होतं गार्बो. त्याने जर्मनांना सांगितलं की मी ब्रिटनमध्ये हेरगिरी करतोय. प्रत्यक्षात तो लिस्बनमध्ये बसून प्रवासी मार्गदर्शिका चाळत अहवाल रचत होता. ग्लासगोमधली माणसं एक लिटर वाइनसाठी वाट्टेल ते करतील असं त्याने कळवलं, आणि जर्मनांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे तो खरोखरच ब्रिटनसाठी काम करू लागला, काल्पनिक हातच्या हेरांची मोठी फौज त्याने कागदावर उभी केली, आणि दोन्ही बाजूंनी त्याचा सन्मान केला: जर्मनीचं आयर्न क्रॉस हे पदक आणि ब्रिटनचा एमबीई हा किताब. तो हेर होता की कादंबरीकार, असं विचारावंसं वाटतं.

इथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. चांगले प्रश्न दोन विषयांच्या सांध्यावर सापडतात. याद्या करणारे लोक एकेका विषयाचं पुस्तक घेऊन बसतात, त्यामुळे सांधे त्यांच्या नजरेतून सुटतात; आणि सांध्यावरच्या गोष्टीचे साक्षीदार आपोआप दोन वेगळ्या वाड्यांतले मिळतात. कलेचा इतिहासकार आणि गुप्तचर दप्तराचा अभ्यासक सहसा एकमेकांच्या नकला करत नाहीत. कौटिल्याची दुसरी अट तिथे फुकटात पुरी होते.

माझ्या आवडीचा सांधा विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात आहे. पहिल्याच अंकात चाणक्याचा हेर निपुणक येतो तो यमपट घेऊन, म्हणजे यमलोकाची चित्रं रंगवलेलं कापड दाखवून, गाणी म्हणून भिक्षा मागणाऱ्याच्या वेषात. असा माणूस कुठल्याही घरात शिरू शकतो. चंदनदास नावाच्या जवाहिऱ्याच्या घरी तो पट उलगडून बसतो. आतल्या दालनातून एक लहान मूल कुतूहलाने बाहेर धावतं, त्याला मागे ओढायला दारातून एका बाईचा हात पुढे येतो, आणि त्या हातातली अंगठी गळून घरंगळत निपुणकाच्या पायाशी येते. ती पुरुषाच्या बोटाच्या मापाची असते, म्हणून सैल. अंगठीवर नाव असतं राक्षसाचं, नंदांच्या एकनिष्ठ अमात्याचं. त्याने आपलं कुटुंब या घरी लपवलेलं आहे हे त्यातून फुटतं, आणि पुढचा सगळा डाव, खोट्या पत्रासकट, चाणक्य त्याच मुद्रेच्या ठशावर उभा करतो. पुराणकथेचं चित्र, चित्राच्या आड हेर, हेराची गोष्ट नाटकात आणि नाटक मौर्यांच्या इतिहासावर! पाचही विषय एका प्रवेशात. आणि हे नाटक वाचणारे लोक हेरगिरीच्या फेरीची तयारी करत नसल्यामुळे हा प्रश्न याद्यांत नाही.

दोन महाकाव्यं शेजारी ठेवली तरी सांधा मिळतो. वाल्मीकींच्या युद्धकांडात रावणाचे शुक आणि सारण वानरांच्या वेषात रामाच्या छावणीत शिरतात. बिभीषण त्यांना ओळखतो. राम त्यांना सोडून देतो आणि वर सांगतो की सगळं सैन्य नीट बघून घ्या, काही बघायचं राहिलं असेल तर हा बिभीषण दाखवेल. 'इलियड'च्या दहाव्या सर्गात ट्रॉयचा डोलोन लांडग्याचं कातडं पांघरून रात्री ग्रीक छावणीकडे निघतो. बक्षीस म्हणून त्याने अकिलीसचे घोडे आधीच मागून ठेवलेले असतात. ओडिसियस आणि डायोमिडीज त्याला धरतात, सगळी माहिती काढून घेतात, आणि डायोमिडीज त्याचं मुंडकं उडवतो. 'पकडलेल्या हेराला छावणी दाखवायची तयारी कोणी दाखवली?' एवढा प्रश्न पुरे. सैन्य बघून शत्रूच घाबरावा हा त्यातला डाव मात्र उत्तर देताना जरूर सांगा.

साहित्य आणि हेरगिरीचा सांधा तर इतका रुंद आहे की तिथे निवडच करावी लागते. इंग्लिश नाटककार ख्रिस्टोफर मार्लो ३० मे १५९३ रोजी डेप्टफर्डमध्ये सुरा लागून मेला. गुत्त्यातली मारामारी असं सर्रास लिहिलं जातं, पण ते एलिनर बुल नावाच्या विधवेचं घर होतं, आणि भांडण हिशेबाच्या पैशांवरून झाल्याचं मृत्यूच्या चौकशीचा कागद सांगतो. लेस्ली हॉटसन या संशोधकाला तो कागद सापडून प्रसिद्ध झाला १९२५ साली. खोलीत मार्लोशिवाय तिघे होते, त्यांतला एक रॉबर्ट पोली. हाच पोली इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीला मारण्याच्या १५८६ च्या बॅबिंग्टन कटात सरकारचा माणूस म्हणून वावरत होता. त्याच कटाच्या पत्रांनी स्कॉटलंडची राणी मेरी वधस्तंभापर्यंत गेली. मेरी कैदेत होती; ती पत्रं बिअरच्या पिंपात लपवून आत-बाहेर जायची आणि हेरप्रमुख वॉल्सिंगहॅमचा माणूस ती वाटेत वाचायचा. एका राणीच्या आणि एका नाटककाराच्या शेवटाजवळ वावरलेला एकच माणूस कोण, असा प्रश्न होतो. कठीण आहे; शेवटच्या फेरीला ठेवा.

'डॉक्टर झिवागो'चं प्रकरण याहून सोपं आणि सगळ्यांना भिडणारं. बोरिस पास्तरनाकच्या या कादंबरीला सोव्हिएत संघात बंदी होती. १९५८ च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात ती रशियन भाषेत गुपचूप वाटली गेली, आणि छपाईमागे अमेरिकेची सीआयए होती, हे २०१४ साली खुल्या झालेल्या कागदांनी पक्कं केलं. वाटप झालं कुठल्या दालनातून? व्हॅटिकनच्या. सोव्हिएत पर्यटकांनी निळ्या कापडी पुठ्ठ्याची वेष्टणं फाडून टाकली आणि पानं खिशांत कोंबून नेली. गुप्तचर संस्था, धर्मपीठ आणि कादंबरी एकत्र आल्यावर प्रश्नकर्त्याला करायला फारसं काही उरत नाही.

पण बहुतेक वेळा उरतं. माहिती चांगली असून प्रश्न फसतो तो शब्दरचनेत. उदाहरण घेऊ. कुमाऊंमधले शिक्षक नैनसिंग रावत यांनी ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी वेष बदलून तिबेटची मापं घेतली. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. यावरचा पहिला मसुदा असा होतो: 'तिबेटचं गुप्त सर्वेक्षण करून १८७७ साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळवणारे कोण?' हा प्रश्न मेलेला आहे. येतं त्याला येतं, नाही त्याला नाही, आणि दोघेही क्षणात मोकळे. दुसरा मसुदा: 'त्यांच्या जपमाळेत किती मणी होते?' जरा बरा, पण आकडा विचारला की लोक अंदाज फेकतात. तिसरा असा लिहीन: '१८६५ साली तिबेटकडे निघालेल्या एका यात्रेकरूच्या हातात जपमाळ होती. नेहमीच्या माळेपेक्षा तिच्यात आठ मणी कमी होते. ती तशी का करून घेतली असेल?' आता संघ कुजबुजू लागतात. एकशे आठातून आठ गेले, शंभर उरले. शंभर कशाला लागतात? मोजायला. चालणारा माणूस काय मोजेल? पावलं. दर शंभर पावलांना एक मणी, पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावलं. पाऊल सारख्या लांबीचं पडावं याचं शिक्षण त्यांनी आधीच घेतलं होतं. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद, कवड्यांत लपवलेला पारा, पाणी किती अंशांना उकळतं यावरून उंची काढायला थर्मामीटर, हे सगळं उत्तर सांगताना हळूहळू काढा. प्रश्नात भरू नका. नैनसिंगांचं नाव विचारलंच नाही म्हणून ते हरवत नाही. उत्तरानंतर ऐकलेलं नाव लोक घरी घेऊन जातात.

नैनसिंगांपासून एक साखळी निघते, ती तुम्हाला अख्खी देऊन टाकतो. या सर्वेक्षक-हेरांचं जग किपलिंगच्या १९०१ च्या 'किम' कादंबरीत आलं. त्या किमवरून टोपणनाव पडलं अंबाल्यात १९१२ साली जन्मलेल्या हॅरल्ड फिल्बीला, जो पुढे ब्रिटिश गुप्तचर खात्यात बसून सोव्हिएत संघासाठी काम करत होता. युद्धकाळात त्याच्या हाताखाली होता कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन. केंब्रिज विद्यापीठातून निघालेल्या सोव्हिएत हेरांच्या, फिल्बीच्याच टोळीतला अँथनी ब्लंट: फ्रेंच चित्रकार निकोला पूसँच्या चित्रांचा अधिकारी अभ्यासक, लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेचा संचालक आणि राजघराण्याच्या चित्रसंग्रहाचा मुख्य देखरेखकार. १९६४ साली त्याने कबुली दिली, खटला होणार नाही या बोलीवर. तरी तो राणीची चित्रं सांभाळत राहिला, १९७२ पर्यंत. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये संसदेत त्याचं नाव घेतलं तेव्हा कुठे त्याचा 'सर' किताब गेला. आणि पूसँ रंगवायचा काय? बायबलमधल्या गोष्टींबरोबर ग्रीक-रोमन पुराणकथाही. किपलिंगपाशी परत गेलात तर दुसरी फांदी फुटते: त्याच्या मावशीचे यजमान, चित्रकार एडवर्ड बर्न-जोन्स. 'ममी ब्राउन' हा तपकिरी रंग खरोखरच इजिप्तच्या ममी कुटून बनवतात हे कळल्यावर ते रंगाची नळी घेऊन भर दुपारी खाली आले आणि घरच्यांसमवेत तिला बागेत रीतसर पुरलं. हे किपलिंगच्या आठवणींत आहे आणि बर्न-जोन्सच्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रातही. दोन साक्षीदार एकाच घरातले आहेत खरे, पण दोघेही तिथे हजर होते, त्यामुळे मी ही गोष्ट धरतो.

मांडणीबद्दल थोडं. पाच विषयांच्या पाच वेगळ्या फेऱ्या करू नका. कलेची फेरी लागली की पुराणवाले मोबाइल काढतात. सगळे विषय मिसळा आणि प्रश्न कोणत्या विषयाचा ते जाहीर करू नका. 'मोनालिसा'च्या १९११ च्या चोरीत पोलिसांनी ज्याला आत टाकलं तो कवी कोण, हे विचारताना ती कला आहे, साहित्य की गुन्हा, ते संघांनाच ठरवू दे. (गियोम आपोलिनेर. पिकासोलाही चौकशीला बोलावलं होतं. खरा चोर व्हिंचेन्झो पेरूजा, लूव्रमध्ये चित्रांना काचा बसवायच्या कामावर राहिलेला. चित्र सापडलं १९१३ साली फ्लॉरेन्समध्ये.)

प्रत्येक प्रश्नासाठी एक चिठ्ठी ठेवा: उत्तर, ग्रंथ, आवृत्ती, पान, आणि दुसरा स्वतंत्र आधार. हरकत आली की चिठ्ठी वाचून दाखवायची, वाद घालायचा नाही. हरकत घेणाऱ्याकडे वेगळ्या परंपरेचा आधार असेल आणि तुम्ही प्रश्नात ग्रंथाचं नाव घातलेलं नसेल, तर गुण देऊन टाका आणि पुढच्या वेळी नाव घाला. ब्लंटचा प्रश्न शक्यतो शेवटून दुसरा ठेवा. कलावाले आणि हेरगिरीवाले दोघेही बझरवर तुटून पडतात, आणि बरोबरी सुटायची असेल तर तिथेच सुटते.